भास्कराचार्य आणि आकाशाचें गणित



पौष महिन्यांत, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, शहरांतील दिव्यांपासून दूर रामटेकच्या अथवा काटोलच्या वाटेवर उभें राहून तुम्हीं कधीं आकाशाकडे पाहिलें आहे काय? डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, त्याच्या मागोमाग तांबूस रोहिणी, मग मृगाची भव्य आकृति आणि तिच्याच एका कोपऱ्यावर निखाऱ्यासारखी लाल आर्द्रा, अशी ती ओळ दृष्टीस पडली म्हणजे मनुष्य क्षणभर बोलणें विसरतो. आश्चर्य वाटणें ही ईश्वरानें मनुष्यास दिलेली मोठी देणगी होय. परंतु ह्या आश्चर्याचे दोन प्रकार असतात. एक आश्चर्य हात जोडून तेथेंच थांबतें. दुसरें आश्चर्य हातही जोडतें आणि मग विचारूं लागतें कीं, हें असें कां, हें किती, हें केव्हां. ज्यांचें सारें आयुष्य ह्या दुसऱ्या प्रकारच्या आश्चर्यानें व्यापिलें होतें, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. ते पुरुष म्हणजे गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. प्राचीन ग्रंथकारांच्या जन्मकालाविषयीं बहुधा तर्कच करावा लागतो. परंतु भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक व ग्रंथरचनेच्या वेळचें वय स्वतःच लिहून ठेविल्यामुळें येथें संशयास जागा उरत नाहीं. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें विज्जडवीड हें त्यांचें गांव, शांडिल्य हें गोत्र, आणि महेश्वर हें वडिलांचें नांव. महेश्वर हे स्वतः विद्वान ज्योतिषी होते व तेच भास्कराचार्यांचे गुरुही झाले. घरींच विद्यालय व पिताच अध्यापक, असें भाग्य त्यांस लाभलें.

ह्या घराण्याची हकीकत एका शिळेवर कोरलेली आहे. नागपुराहून भुसावळ मार्गानें मुंबईस जाणारी आगगाडी जळगांव मागें टाकून चाळीसगांवास पोंचते. तेथून कांहीं मैलांवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशींत पाटण नांवाचें प्राचीन स्थान आहे. देवीच्या देवळामुळें लोक त्यास पाटणादेवी म्हणतात. तेथील शिलालेखांत मूळ पुरुष त्रिविक्रम ह्यापासून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याच्यापर्यंत नऊ पिढ्यांची नांवें दिलीं आहेत. त्यांतील एका पूर्वजास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली होती. पिढ्यान्‌पिढ्या विद्येचा दिवा तेवत ठेवणाऱ्या कुळांत भास्कराचार्य हे सातवे पुरुष होत.

वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग मानितात: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पैकीं लीलावतीचें नांव न ऐकलेला विद्यार्थी विरळा. अंकगणित व भूमिति हे रुक्ष समजले जाणारे विषय त्यांनीं कमळें, भुंगे, मोर, हंस व वाऱ्यानें मोडलेला वेळू ह्यांच्या संगतींत आणून बसविले. त्यांतील एका उदाहरणांत कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात उभी आहे. वाऱ्यानें ती हळूहळू कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यांत बुडते. तर पाणी किती खोल, असा प्रश्न आहे. पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलावांत कमळें डोलतांना आपण पाहतों आणि सुंदर म्हणून पुढें जातों. भास्कराचार्यांनीं त्याच डोलण्यांत काटकोन त्रिकोण पाहिला व तळ्यांत पाऊल न घालतां त्याची खोली पावणेचार हात ठरविली. ह्यामुळें कमळाचें सौंदर्य कमी झालें काय? मुळींच नाहीं, उलट त्यांत एक नवें सौंदर्य दिसूं लागलें.

लीलावती ही त्यांची कन्या होती, असें सांगतात. तिच्या लग्नाची घटिका साधण्यासाठीं पाण्यांत सोडलेल्या घटिकापात्रांत मोतीं पडून छिद्र बुजलें, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठीं पित्यानें हा ग्रंथ रचला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरांत आढळते. ग्रंथाच्या काळापासून ती चारशें वर्षें दूर असल्यामुळें तीस इतिहास न मानतां कथा म्हणूनच तिचा आस्वाद घ्यावा, हें बरें.

आतां एका अशा शोधाकडे वळूं कीं ज्याची चर्चा लीलावतीइतकी होत नाहीं. एका रेषेचे दोन असे भाग करा कीं, संपूर्ण रेषेचें मोठ्या भागाशीं जें प्रमाण, तेंच मोठ्या भागाचें लहान भागाशीं असावें. हें प्रमाण सुमारें १·६१८ येतें. ग्रीक भूमितींत तें प्राचीन काळापासून ठाऊक होतें, व एकोणिसाव्या शतकांत जर्मनीमध्यें त्यास सुवर्णछेद हें नांव रूढ झालें. भास्कराचार्यांनीं हें नांव कधीं ऐकलें नव्हतें. तथापि गोलाध्यायाच्या शेवटीं ज्योत्पत्ति नांवाच्या प्रकरणांत त्यांनीं १८ अंशांची ज्या काढण्याचा जो नियम दिला, त्यांत हेंच प्रमाण दडलेलें आहे. त्रिज्येच्या वर्गाची पांचपट करून तिचें वर्गमूळ घ्यावें, त्यांतून त्रिज्या वजा करावी व बाकीस ४ नें भागावें, असा तो नियम आहे. त्रिज्या ६०,००० घेतली तर उत्तर १८,५४१ येतें. ह्याची दुप्पट ३७,०८२ ही त्या वर्तुळांत बसणाऱ्या समभुज दशकोनाची बाजू. आणि ६०,००० ला ३७,०८२ नें भागिलें कीं १·६१८ हा अंक समोर उभा राहतो. लीलावतींतही वर्तुळाच्या व्यासास ७०,५३४ नें गुणून १,२०,००० नें भागिलें असतां आंत बसणाऱ्या पंचकोनाची बाजू मिळते, असें सांगितलें आहे. तो पंचकोन तुम्हीं काढा व त्याचा कर्ण मोजा. कर्ण व बाजू ह्यांचें प्रमाण पुन्हां तेंच.

योगायोग असा कीं, सुमारें त्याच वर्षांत गुजराथेंत हेमचंद्राचार्य वृत्तांतील लघु-गुरु अक्षरांच्या रचना मोजतांना १, २, ३, ५, ८, १३ ह्या मालिकेपाशीं पोंचले होते. तींत प्रत्येक संख्या मागील दोहोंच्या बेरजेइतकी असते, आणि जसजसें पुढें जावें तसतसें शेजारच्या दोन संख्यांचें प्रमाण १·६१८ च्या जवळ जातें. एक पंडित आकाश मोजीत होता, दुसरा छंद मोजीत होता. दोघांच्या वाटा ज्या गांवीं मिळतात त्या गांवाचें नांव दोघांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें! सूर्यफुलाच्या चकतींतील बियांच्या उजव्या व डाव्या वळणांच्या ओळी मोजल्या तर बहुधा ३४ व ५५ अशा ह्याच मालिकेंतील संख्या येतात. कारण प्रत्येक नवा अंकुर मागील अंकुरापासून सुमारें १३७·५ अंशांवर फुटतो, आणि हा कोन वर्तुळाचा सुवर्णछेद करितो. मात्र सृष्टींतील प्रत्येक सुंदर वस्तूंत हें प्रमाण असतेंच, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नका. आधीं मोजा, मग माना. भास्कराचार्यांची शिस्त हीच होती.

ह्या शिस्तीला ते वासना म्हणत. म्हणजे उपपत्ति, सिद्धता. आपल्याच ग्रंथावर त्यांनीं वासनाभाष्य लिहून नियमांमागील कारणें सांगितलीं. गोलाचें ज्ञान नसलेला गणक हा तुपावांचूनच्या जेवणासारखा, अशा अर्थाची उपमा ते देतात. गोलाचें पृष्ठफळ हें त्याच्या मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतें, हें पटवितांना ते गोलावर वरपासून खालपर्यंत उभ्या पट्ट्या पाडतात. नागपूरकरांस हें समजावयास कठीण नाहीं: संत्र्याची साल फोडींच्या रेषांवरून उभी सोलावी, एका पट्टीचें माप काढावें, आणि सर्व पट्ट्यांची बेरीज करावी. पृथ्वी गोल आहे व तिला कसलाही आधार नाहीं, हें ते ठामपणें प्रतिपादितात. ती सपाट दिसते, कारण परिघाचा फार लहान अंश एका वेळीं आपल्या दृष्टीस पडतो. ती पडत कां नाहीं? सर्व बाजूंस आकाश सारखेंच असतां ती पडावी तरी कोणीकडे! पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति आहे व तिच्यायोगें ती निराधार जड वस्तू आपणाकडे ओढते, हेंही त्यांनीं लिहिलें. ह्या आकर्षणाचा नियम गणितानें बांधण्याचें श्रेय न्यूटनचें, आणि तें इ. स. १६८७ मधलें, परंतु पडणाऱ्या वस्तूचें कारण पृथ्वीमध्यें शोधण्याची दृष्टि ह्या ग्रंथांत पांचशें वर्षें आधींची आहे.

वेध घेण्यासाठीं त्यांनीं अनेक यंत्रें वर्णिलीं, आणि फलकयंत्र नांवाचें एक यंत्र स्वतः योजिलें. तथापि सर्व यंत्रांहून धीयंत्र, म्हणजे बुद्धि, हेंच श्रेष्ठ असा त्यांचा अभिप्राय होता. हातांत एक साधी काठी असली तरी बुद्धिमान मनुष्य दूरच्या वेळूचें मूळ व शेंडा न्याहाळून त्याची उंची व अंतर सांगूं शकतो, हें त्यांनीं उदाहरणानें दाखविलें.

परंतु चरित्र लिहितांना कांहीं झांकून ठेवूं नये. चंद्रग्रहणांत चंद्राची पूर्वेकडील कड आधीं ग्रासली जाते, सूर्यग्रहणांत सूर्याची पश्चिमेकडील; मग दोघांस झांकणारा एकच राहू कसा असेल, असा बिनतोड युक्तिवाद त्यांनीं केला. चंद्रास पृथ्वीची छाया झांकते व सूर्यास चंद्र, हें सांगितलें. इतकें सांगूनही परंपरेशीं विरोध नको म्हणून, ब्रह्मदेवाच्या वरामुळें राहू त्या छायेंत प्रवेश करितो, अशी तडजोड त्यांनीं केली. सत्य दिसणें व तें निःशंकपणें उच्चारणें ह्यांत केवढें अंतर असतें, हें ह्यावरून कळतें. पृथ्वी स्थिर असून सारा नक्षत्रगोल प्रवह नांवाच्या वायूनें फिरतो, हें त्या काळचें मतही त्यांनीं मानिलें. कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा ह्यांचीं स्थानें अंशांत देतांना हे तारे कधीं जन्मले असतील व कधीं मरतील, ही कल्पना त्यांच्या मनास शिवली नाहीं. ती त्या काळीं कोणाच्याच मनास शिवली नव्हती.

आज आपणांस माहीत आहे कीं तारेही जन्मतात, वाढतात व मावळतात. मृगाच्या पोटांतील तीन ताऱ्यांच्या खालीं जो धूसर ठिपका दिसतो, तो वायूचा व धुळीचा प्रचंड मेघ असून त्यांत नवे तारे घडत आहेत. कृत्तिका ह्या ताऱ्यांच्या मानानें बालिकाच. त्यांचें वय सुमारें १० कोटि वर्षें. आपला सूर्य ४६० कोटि वर्षांचा, ऐन मध्यम वयाचा. त्याच्या गाभ्यांत हायड्रोजनचें हेलियम होत आहे. रोहिणीच्या गाभ्यांतील हायड्रोजन संपल्यामुळें ती फुगून तांबूस झाली आहे, व पुढें सूर्याचीही तीच दशा व्हावयाची आहे. आर्द्रा तर आयुष्याच्या अखेरीस येऊन ठेपलेली महाकाय तारका; इ. स. २०१९ च्या अखेरीस ती एकाएकीं मंदावली तेव्हां साऱ्या जगाचें लक्ष तिच्याकडे लागलें होतें, परंतु तिनेंच बाहेर टाकलेल्या धुळीचा तो पडदा होता असें पुढें दिसून आलें. भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वीं साठ वर्षें, इ. स. १०५४ मध्यें, वृषभाच्या शिंगाच्या टोकापाशीं असाच एक तारा फुटला. चिनी ज्योतिष्यांनीं त्याची नोंद केली असून तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता. त्याचे अवशेष आजही दुर्बिणींतून दिसतात. लहान तारे शांतपणें विझून श्वेतबटु होतात; अशा श्वेतबटूच्या वस्तुमानास सूर्याच्या सुमारें १·४ पट ही मर्यादा आहे, हें चंद्रशेखर ह्या भारतीय तरुणानें १९३० सालीं दाखविलें. आपल्या रक्तांतील लोहही पूर्वीं होऊन गेलेल्या ताऱ्यांच्या पोटींच तयार झालें आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी ज्या नक्षत्रांवरून पाऊस ओळखीत आला, त्या चार नक्षत्रांच्या ओळींत ताऱ्याचें बाळपण व वार्धक्य शेजारीं शेजारीं मांडून ठेविलेलें आहे.

हें वाचून कोणास वाटेल कीं, तारेही नाशवंत, तर मग अविनाशी असें काय उरलें? ह्या प्रश्नाशीं भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील एका स्थळाचें आश्चर्यकारक नातें आहे. एखाद्या संख्येस शून्यानें भागिलें असतां जी राशि येते तीस ते खहर म्हणतात. तींत कितीही मिळविलें किंवा तींतून कितीही काढिलें तरी ती बदलत नाहीं. जसें सृष्टीच्या उत्पत्तीच्या व प्रलयाच्या वेळीं असंख्य जीव बाहेर पडले वा आंत सामावले तरी अनंत परमेश्वराच्या ठिकाणीं कांहीं विकार होत नाहीं. शून्यानें भागण्याची क्रिया आजचें गणित मान्य करीत नाहीं, हें खरें. परंतु हिशेबाची पाटी हातांत असतां ज्याला ईश्वराची आठवण होते, आणि ईश्वराचें स्मरण करितांना ज्याच्या हातांतील पाटी गळून पडत नाहीं, तो पुरुष किती समतोल असला पाहिजे!

म्हातारपणींही त्यांची लेखणी थांबली नाहीं. वयाच्या ६९ व्या वर्षीं, इ. स. ११८३ मध्यें, त्यांनीं करणकुतूहल हा पंचांगगणिताचा सुलभ ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपाल ह्यानें आपल्या पंडितसभेचें प्रमुखपद दिलें. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवानें इ. स. १२०७ मध्यें श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळीं, त्या मठास दान दिलें. ग्रहणाचें गणित शिकविणाऱ्या शाळेस ग्रहणाच्याच पर्वकाळीं दान मिळावें, हें किती उचित! ह्या दानलेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत आहे, व तो ज्ञानेश्वरीहून ऐशीं वर्षांनीं जुना आहे.

पुढें यादवांचें राज्य गेलें, मठ मोडला, पाटणास रान माजलें. शिलालेख विसरला गेला. डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांनीं इ. स. १८६५ मध्यें तो विद्वानांपुढें मांडीपर्यंत तो त्या रानांतच पडून होता. मठ नाहींसा झाला तरी विद्या कशी वांचली? ती विद्यार्थ्यांनीं वांचविली, आणि ह्या कामीं आपल्या विदर्भाचा वांटा लहान नाहीं. पयोष्णीतीरावरील दधिग्रामाच्या एका वैदर्भ घराण्यांतील कृष्ण दैवज्ञ ह्यांनीं काशींत राहून इ. स. १६०० च्या सुमारास बीजगणितावर प्रसिद्ध टीका लिहिली. त्यांचे पुतणे मुनीश्वर ह्यांनीं सिद्धांतशिरोमणीवर मरीचि ही टीका रचली. त्यानंतर दोनशें वर्षांनीं ह्याच नागपुरांत, भोंसल्यांच्या अमदानींत, बापूदेव नांवाचा एक मुलगा मराठी शाळेंत शिकत होता. त्याचा जन्म पुण्याचा, इ. स. १८२१ मधला. धुंडिराज मिश्र नांवाच्या पंडितांजवळ तो लीलावती व बीजगणित शिकला. सिहोरचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन हे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे मोठे भोक्ते होते, त्यांनीं इ. स. १८३८ मध्यें सतरा वर्षांच्या ह्या मुलाची बुद्धि ओळखून त्यास पुढील अभ्यासासाठीं सिहोरास नेलें. तोच मुलगा पुढें काशीच्या संस्कृत पाठशाळेचे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री झाला. विल्किन्सनांनीं केलेलें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं तपासून इ. स. १८६१ मध्यें प्रसिद्ध केलें. ग्रहाची त्या त्या क्षणाची गति काढण्याच्या भास्कराचार्यांच्या रीतींत अर्वाचीन चलनकलनाचें बीज आहे, हें त्यांनीं इ. स. १८५८ मध्यें पाश्चात्त्य पंडितांच्या नजरेस आणून दिलें.

मित्रहो, इ. स. १९७९ मध्यें, ज्या दिवसाच्या सुमारास आपल्याकडे मृग नक्षत्र लागतें त्या ७ जून रोजीं, भास्कर ह्या नांवाचा भारताचा कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला. ह्या नांवानें भास्कराचार्यांचा, तसाच त्यांच्यापूर्वीं होऊन गेलेल्या त्याच नांवाच्या दुसऱ्या थोर गणित्याचा गौरव झाला. हा मान मोठा खरा; परंतु नागपुरांतील त्या अज्ञात मराठी शाळेंत पाटीवर आंकडे मांडीत बसलेल्या मुलानें भास्कराचार्यांस जो मान दिला, तो मला त्याहूनही मोठा वाटतो. शिळा रानांत हरवते, मठ मोडतो, राज्यें जातात. अशा वेळीं ग्रंथ टिकतो तो कोणी तरी त्यांतील उदाहरण स्वतः सोडवून पाहतो म्हणून. तेव्हां येत्या पौषांत कृत्तिकांपासून आर्द्रेपर्यंतची ती ओळ अवश्य पाहा, मनोभावें हात जोडा. आणि घरीं परत आल्यावर कंपास व पट्टी घेऊन एक पंचकोन काढा व त्याचा कर्ण मोजा. आईवडिलांनींही मुलांजवळ बसून ती मोजणी पाहावी, अशी त्यांस नम्र विनंति आहे.